ऐकून निवडलेली साडी

त्या बाईंचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. जळगावात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. तिथे बसून मी दुकानदारांच्या वेबसाइट बनवते. त्या दिवशी केळीच्या एका रोपवाटिकेचे फोटो चढवायचं काम चाललं होतं. फोनवरचा आवाज इतका स्वच्छ आणि बेतशीर होता की मला वाटलं, कुठल्या तरी कंपनीतून काहीतरी विकायला बोलतायत.

“तुम्ही साड्यांच्या त्या दुकानाची वेबसाइट केलीय ना? सगळ्यात खाली तुमचा नंबर आहे.”

“हो, बोला ना.”

“मला साडी घ्यायचीय. तीन पसंत करून ठेवल्यात. त्यातली कोणती घेऊ, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, दुकानाचा नंबर देते, तिथे विचारा. त्या म्हणाल्या, “आधी ऐकून तर घ्या. पहिली आहे ‘चित्र, साडी जळगाव, स्वस्त साडी जळगाव, बेस्ट साडी दुकान जळगाव’. दुसरी आहे ‘चित्र, साडी जळगाव, स्वस्त साडी जळगाव, बेस्ट साडी दुकान जळगाव’. आणि तिसरी...”

कोणीतरी चेष्टा करतंय असं वाटून मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “मला दिसत नाही हो. माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो. तुमच्या साइटवर तीनशे साड्या आहेत आणि माझ्यासाठी तीनशेही एकसारख्या.”

मी फोन ठेवला नाही. कारण ती ओळ मीच लिहिली होती.

वेबसाइटवर फोटो चढवला की त्याच्यामागे एक छोटी चौकट असते. फोटोत काय आहे ते तिथे शब्दांत लिहायचं. त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. डोळ्यांनी बघणाऱ्याला तो मजकूर दिसत नाही. पण ज्यांचा फोन पान वाचून दाखवतो, त्यांना त्या फोटोऐवजी तोच ऐकू येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुण्यात नोकरी करत होते तेव्हा शिकवलंही होतं. पण त्याच नोकरीत मी दुसरंही एक शिकले होते, की त्या चौकटीत गिऱ्हाईक शोधेल ते शब्द कोंबले की दुकान सर्चमध्ये वर येतं. जळगावला परत येऊन स्वतःचं काम सुरू केलं आणि पहिलं मोठं काम मिळालं ते या साडीच्या दुकानाचं. तीनशे फोटो. मी एक ओळ लिहिली आणि तीनशे ठिकाणी चिकटवली. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं म्हणून खूशही झाले होते.

गंमत म्हणजे दुकान काही वर आलं नाही. उलट महिन्यामहिन्याने खालीच गेलं. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते मला भेटले की विचारायचे, “आपण कोणत्या पानावर आहोत आता?” आणि मी विषय बदलायचे.

फोनवर मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफी नको. धुळ्याला या एकदा. तुमचं दुकान मला कसं ऐकू येतं ते तुम्ही ऐका.”

त्या रविवारी मी एसटीने धुळ्याला गेले. देवपूर भागात दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहत होत्या. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगावर इस्त्रीची सुती साडी, हातात फोन. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणाल्या, “डावीकडे खुर्ची आहे, बसा.” मी त्यांना अक्का म्हणू लागले आणि अर्ध्या तासात त्या मला ‘अगं’ म्हणू लागल्या.

अक्का एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होत्या. नवव्या वर्षी तापात दृष्टी गेली. शिकल्या, नोकरी लागली, आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. आता दीड महिन्याने निवृत्त होणार होत्या आणि कार्यालयात निरोपाचा कार्यक्रम ठरला होता.

“आतापर्यंतच्या सगळ्या साड्या दुसऱ्यांनी घेतल्या,” त्या म्हणाल्या. “आधी आई घ्यायची, मग बहीण, आता वहिनी. चांगल्याच घेतात. पण दुकानात गेलं की दुकानदार माझ्याशी बोलतच नाही. वहिनीला विचारतो, ‘यांना कोणती दाखवू?’ माझ्या मनाने घेतलेली एक साडी कपाटात नाही. म्हटलं, ही शेवटच्या दिवसाची तरी मी घेईन. कुणाला न विचारता.”

मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि आमची साइट उघडली. वाचणारा आवाज इतका भरभर बोलत होता की मला पहिल्या मिनिटात एक शब्द कळला नाही. अक्कांनी हसून त्याचा वेग कमी केला.

“आता मी कशी फिरते ते बघ. सगळं पान कोणी पहिल्या अक्षरापासून ऐकत नाही. मी मथळ्यामथळ्यांवरून उड्या मारते.”

त्यांनी बोट खाली ओढलं. फोन म्हणाला, “मथळा, पातळी एक. धमाका.” पुन्हा बोट. “मथळा, पातळी एक. आजच भेट द्या.” पुन्हा. “मथळा, पातळी चार. पार्किंगची सोय.” पुन्हा बोट ओढलं आणि पान संपलं.

“साड्या कुठे गेल्या?” मी विचारलं.

“मी तेच विचारतेय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जिथे मला अक्षर मोठं हवं होतं तिथे मी मथळ्याची खूण लावली होती. ‘पैठणी’, ‘सुती’, ‘रोजच्या वापराच्या’ ही जी खरी नावं होती, ती मी नुसती ठळक केली होती. ठळक अक्षर डोळ्यांना दिसतं, फोनला त्यात मथळा सापडत नाही. अक्का माझ्या धमाक्यावरून थेट पार्किंगमध्ये जात होत्या. एकेक ओळ ऐकत गेलं तर काय होतं, तेही त्यांनी ऐकवलं. दर साडीनंतर मी कोयरीची एक नक्षी टाकली होती. तिच्या जागी फोन दर वेळी तिच्या फाइलचं नाव वाचायचा, “चित्र, डिव्हायडर फायनल फायनल टू.” आणि दिवाळीची जी सूट होती ती सगळी एका फोटोतच लिहिलेली असल्यामुळे अक्कांना ती कळलीच नव्हती.

“आता डोळे मिट आणि एक साडी घे,” त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

मी दहा मिनिटं धडपडले. माझंच पान, मीच बांधलेलं. डिव्हायडर फायनल फायनल टू एवढंच माझ्या हाती लागलं. डोळे उघडले तेव्हा कानशिलं तापली होती. अक्का चहा घेऊन उभ्या होत्या.

जळगावला परत येताना एरंडोल येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की सगळी साइट नव्याने करायची.

नानांना समजावणं सोपं नव्हतं. ते गादीवर बसून माझं सगळं ऐकून घेत होते.

“फोटो दिसतोय ना? मग लाल साडीखाली लाल साडी लिहायचं कशाला?”

“ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, नाना.”

“अशी किती गिऱ्हाइकं येणार?”

“एक आलंय. आणि ते तुमच्या दुकानातून परत जातंय.”

गिऱ्हाईक परत जाणं नानांना सहन होत नाही. म्हणाले, “बरं. एका कपाटाचं करून दाखव. पन्नास साड्या. मग बघू.”

मी संगणक घेऊन दुकानात बसले आणि पहिल्या साडीलाच अडले. मी लिहिलं, ‘गुलाबी साडी’. दुसरी आली, तीही गुलाबी. तिसरीपण गुलाबीच. मला साड्या नेसता येतात, सांगता येत नाहीत, हे तेव्हा कळलं.

दुकानात चाळीस वर्षांपासून गादीवर बसून साड्या उलगडणारे एक गृहस्थ आहेत. धरणगावकडचे. त्यांना सगळे आबा म्हणतात. गिऱ्हाइकांशी ते बाजारातली मराठी बोलतात, पण मनापासून बोलायला लागले की अहिराणीवर येतात. मी त्यांना म्हटलं, “आबा, ही साडी कशी आहे ते सांगा, मी लिहिते.”

आबा म्हणाले, “गुलाबी शे.”

“ते मलाही दिसतंय.”

“मंग कसाले इचारस?”

मला युक्ती सुचली. मी अक्कांना फोन लावला, स्पीकर चालू करून तो गादीवर ठेवला आणि आबांना म्हटलं, या बाईंना दिसत नाही, त्यांना साडी घ्यायचीय, तुम्ही दाखवा. आबांनी एकदा फोनकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी काय केलं, तर साडी घेतली आणि नेहमीसारखी फट्कन उलगडली. फोन गादीवर पडलेला, आणि आबा त्याच्यासमोर पदर पसरतायत.

“ताई,” ते म्हणाले, “हाई लुगडं शे ना, हातमां धरं तं लोणीना गोळा वाटस. काठ शे तीन बोटं. बारीक जर, चमचम नही करस, उन्हामां गयं तं तवढंच दखास.” म्हणजे उन्हात गेल्यावरच काय ती जर दिसते.

फोनमधून अक्कांनी विचारलं, “अंगावर काय आहे?”

“बुट्ट्या शेत. ज्वारीना दाणाएवढ्या. दूर दूर.”

“आणि रंग?”

आबा थांबले. “तुमले रंग समजस का, ताई?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“नऊ वर्षांची होईपर्यंत पाहिलेत सगळे. आमची कपाशी होती शेतात.”

“मंग सोपं शे,” आबा एकदम म्हणाले. “कपाशीनं फूल आठवस?”

“पिवळं.”

“पिवळं पहिले दिन. दुसरे दिन?”

मग अक्का म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशी गुलाबी. मिटायच्या आधी.” आणि त्यांचा आवाज बदलला. “आई गं. किती वर्षांनी दिसलं मला ते फूल.”

दुकानातल्या दोन गिऱ्हाईक बायका उभ्या राहून ऐकत होत्या. नानांनी हातातला हिशेब बाजूला ठेवला होता. मी घाईघाईने टाइप करत होते, कारण आबा आता थांबायलाच तयार नव्हते.

त्यानंतर रोज दुपारी, गर्दी ओसरली की आम्ही बसायचो. आबा बोलायचे, मी लिहायचे. त्यांच्याकडे रंगांची खाणच होती. कोवळ्या वांग्याचा जांभळा वेगळा आणि आमच्याकडच्या भरताच्या वांग्याचा हिरवा वेगळा. तापीच्या गाळाचा करडा. पिकून एक दिवस झालेल्या केळ्याचा पिवळा. मी ते प्रमाण मराठीत आणायचे, पण शक्य तिथे त्यांचे शब्द तसेच ठेवायचे.

आणि अक्का धुळ्याहून तपासायच्या. निरोपाचा दिवस जवळ येत होता तरी त्यांच्या कडकपणात फरक पडला नाही. मी एकदा लिहिलं, ‘गुलाबी साडीचा फोटो’. त्यांचा लगेच फोन. “अगं, फोन आधीच ‘चित्र’ म्हणतो. तू पुन्हा ‘फोटो’ म्हणतेस. माझं अर्धं आयुष्य त्यात जाईल.” मग मी आबांचं सगळं वर्णन त्या चौकटीत भरलं, तर म्हणाल्या, “हे लांब झालं. चौकटीत एक वाक्य ठेव. काय आहे तेवढं. बाकीचं खाली उघड लिही, म्हणजे दिसणाऱ्यांनाही वाचता येईल. आबांचं बोलणं काय फक्त मलाच ऐकवणार आहेस?” कोयरीच्या नक्षीची चौकट त्यांनी मला कोरी ठेवायला लावली. कोरी ठेवली की फोन तिथे थांबतच नाही, पुढे जातो. शोभेची गोष्ट शोभेपुरतीच राहते.

मथळ्यांचं काम मी एका दिवसात केलं. दुकानाचं नाव आणि पान कशाचं आहे, हा एकच पहिल्या पातळीचा मथळा. त्याखाली दुसऱ्या पातळीवर साड्यांचे प्रकार. त्याखाली तिसऱ्या पातळीवर एकेक साडी. पार्किंग तळाला, आपल्या जागी. ‘धमाका’ काढून टाकला आणि सूट साध्या शब्दांत लिहिली. पान मराठी आहे ही खूणही मी विसरले होते, त्यामुळे काही फोनवर मराठी इंग्रजीच्या हेलात वाचलं जायचं. तेही सुधारलं.

पन्नास साड्या झाल्या त्या दिवशी मी अक्कांना पान पाठवलं आणि वाट बघत बसले. वीस मिनिटांनी फोन आला.

“मी आत्ता साडी घेतली,” त्या म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा बेतशीर आवाज जरा धापा टाकत होता. “तेरा साड्या बघितल्या. दोन नाकारल्या, कारण काठ रुंद होता. एक आवडली होती, पण तिला फार जर होती. मी साडी नाकारली गं! मला वाटलं नव्हतं नाकारण्यात इतकं सुख असतं.”

“मग कोणती घेतली?”

“दुसऱ्या दिवसाची. आणि पाठवू नका. मी न्यायला येतेय.”

शनिवारी त्या एकट्या एसटीने जळगावला आल्या. मी स्टँडवर घ्यायला गेले होते. दुकानात शिरल्यावर सवयीप्रमाणे एका विक्रेत्याने माझ्याकडे बघून विचारलं, “यांना काय दाखवू?” आबा आतून जवळजवळ ओरडलेच, “त्यास्ले इचार ना!”

आबांनी साडी अक्कांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, काठ शोधला आणि त्यावर आपली तीन बोटं आडवी ठेवली. बरोबर तीन. मग बुट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ज्वारीचा दाणा. आबा, तुम्ही खोटं बोलत नाही.” आबा शेजारच्या दुसऱ्याच साडीची घडी घालत राहिले, आणि चाळीस वर्षं घड्या घालणाऱ्या माणसाची ती घडी दोनदा चुकली.

निरोपाच्या कार्यक्रमाला आम्ही तिघंही धुळ्याला गेलो, मी, आबा आणि स्वतः नाना. छोटासा हॉल, वर फिरणारे पंखे, खुर्च्यांवर कार्यालयातली सगळी मंडळी. साहेबांचं भाषण झालं, शाल-श्रीफळ झालं. मग अक्कांना बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, माइक हाताने चाचपून जवळ घेतला.

“तुम्ही सगळ्यांनी माझा आवाज ऐकलाय,” त्या म्हणाल्या. “आज माझी साडी बघा. रंग दुसऱ्या दिवसाच्या कपाशीच्या फुलाचा. काठ तीन बोटं. ही मला कोणी आणून दिलेली नाही. तेरा साड्या बघून मी स्वतः निवडलीय.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. पुढच्या रांगेत त्यांची वहिनी रडत होती आणि हसतही होती. मला नंतर म्हणाली, “इतकी वर्षं मी यांना मोरपंखी घेत होते. एकदा विचारलंही नाही.” माझ्या शेजारी नाना ताठ बसले होते, जणू टाळ्या त्यांच्याच दुकानाला होत्या. तशा त्या होत्याही.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला बोलावलं आणि एवढंच म्हणाले, “उरलेल्या अडीचशे कधी करतेस?”

त्याला तीन महिने लागले. आणि मधल्या काळात, मी सोडून दिलेली गोष्ट आपोआप घडली. एक दिवस नाशिकहून एका बाईंचा फोन दुकानात आला. त्यांना मुलीच्या साखरपुड्यासाठी कोवळ्या वांग्याच्या रंगाची, बारीक काठाची साडी हवी होती. त्यांनी मोबाइलवर तेच शब्द लिहून शोधलं आणि पहिलं आमचं दुकान आलं. मग सुरतेहून आला, अकोल्याहून आला. माणसं रंग जसा मनात असतो तसाच शोधतात. ‘बेस्ट साडी दुकान जळगाव’ लिहिणारी शंभर दुकानं होती, पण ज्वारीच्या दाण्याएवढी बुट्टी सांगणारे आबा एकट्या आमच्याकडे होते. नाना आता कोणत्या पानावर आहोत हे विचारत नाहीत. आलेल्या प्रत्येक माणसाला स्वतः मोबाइल काढून दाखवतात.

अक्का निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. मी वेबसाइट बांधली की ती पहिल्यांदा त्यांच्याकडे जाते. त्यांनी ‘हं, चालेल’ म्हटल्याशिवाय मी ती कोणाच्या हवाली करत नाही. केळीच्या रोपवाटिकेचं काम त्यांनी चार वेळा परत पाठवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात धुळ्यातल्या व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात आम्हाला बोलावलं. मी भाषण लिहून नेलं होतं, पण अक्का म्हणाल्या, “भाषण नको. माझा फोन त्या मोठ्या स्पीकरला जोड.” मग त्यांनी समोरच्या लोकांना विचारलं, “कोणाची वेबसाइट आहे? ऐकवते.” भांड्यांच्या दुकानाचे एक मालक हौसेने उठले. अक्कांनी त्यांचं पान उघडलं आणि सगळ्या सभागृहात आवाज घुमला, “चित्र, आयएमजी चार शून्य तीन दोन. चित्र, आयएमजी चार शून्य तीन तीन. बटण. बटण. बटण.”

आधी सगळे हसले. मालकही हसले. मग आवाज वाचतच राहिला, बटण, बटण, आणि हळूहळू हसू विरत गेलं. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, “बंद करा हो, कसंतरी होतंय.”

अक्कांनी बंद केलं नाही. त्यांनी नानांचं पान उघडलं, बोट खाली ओढलं आणि साड्या एकेक करून बोलू लागल्या. मेळाव्यातल्या माणसांनी अकरा साड्या शांत बसून ऐकल्या. शेवटची झाली तसे भांडीवाले मालक पुन्हा उभे राहिले.

“ताई,” ते म्हणाले, “माझ्याकडे पितळेचा एक हंडा आहे. त्याचं वर्णन कसं करायचं?”

“घेऊन या,” अक्का म्हणाल्या. “आधी मला हात लावून बघू द्या.”

भांडीवाले दुकानाकडे निघाले. तोवर उरलेले व्यापारी अक्कांच्या टेबलाभोवती गोळा झाले होते, आणि जो तो आपला फोन त्यांच्या पुढ्यात धरत होता.